रोज म्हणजे सहा दिवस

माझे वडील कुणाला तोंडावर नाही म्हणायचे नाहीत. ते 'बघू' म्हणायचे. सायकल पाहिजे? बघू. शाळेत नोकरी धरू? बघू. शेवटी त्यांचं बघून व्हायची वाट न पाहता मी नोकरी धरली. पहिल्या पगारातून त्यांना काळी टोपी आणली, तेव्हा ती डोक्यावर नीट बसवत म्हणाले, "बरं केलंस." असा माणूस. त्याच्यावर रागवायचं तरी कसं? मी मात्र रागवायचे. माझ्या नाकावर रागाचा कायमचा मुक्काम. मी पेन्शनीत निघाले, तो काही निघाला नाही.

आम्ही बेने इस्रायल. म्हणजे ज्यू, पण अलिबागकडचे. किती पिढ्यांपूर्वी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलो, देव जाणे. घरात बोलणं मराठी, जेवण भात आणि मासे, आणि नारळाशिवाय आमचं पान हलत नाही. कोकणात पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव ठेवलं 'शनवार तेली'. पुढे घाणा गेला, तेल गेलं, शनिवार तेवढा राहिला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत वहिनी दिवा लावायची. तो लागला की शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत घरात चूल नाही, शिवण नाही, ओढणं-वाहणं नाही. याला आम्ही साबाथ म्हणतो.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. अंधेरी स्टेशनपासून वेसाव्याकडे जाणारा रस्ता तेव्हा नुसता उघडाबोडका होता. ताडाची झाडं, मिठागराचा वास, मधूनच एखादा बंगला. त्या रस्त्याला लागून आमचं बैठं घर. कुंपणाबाहेर मोठी चिंच, आत विहीर, आणि समोरची लांबट खोली हीच पार्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंतच्या आमच्या लोकांची प्रार्थनेची जागा. प्रार्थना चालवणारा तो हझान. आमचे हझान माझे वडीलच. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, त्यामुळे देवाच्या घरचा मालसुद्धा वेळेवर सुटला पाहिजे असा त्यांचा बाणा. सकाळची प्रार्थना म्हणजे सकाळीच. उशिरा येणाऱ्याकडे ते चष्म्यावरून असं बघायचे की तो पुढच्या आठवड्यात पहिल्या रांगेत.

त्या वर्षी आमच्यातली दोन मुलं तेरा वर्षांची होणार होती. एक रेल्वेतल्या गार्डसाहेबांचा, एक कंपाउंडरचा. आमच्यात मुलगा तेरा वर्षांचा झाला की सगळ्यांसमोर उभा राहून हिब्रू पोथी वाचतो आणि मग तो मोठ्यांत धरला जातो. वडिलांनी त्यात एक नवी अट घातली. म्हणाले, "नुसतं घोकून माणूस मोठा होत नाही, तेवढं पोपटालाही जमतं. आधी शेजारपाजारच्या उपयोगाचं काहीतरी काम करा. आणि त्या दिवशी पोथी वाचून झाली की आपण काय केलं ते मराठीत चार माणसांना सांगा."

काय काम करायचं ते ठरवायला मी. कारण मी शाळेतली बाई, आणि दर रविवारी आमच्या ओटीवर या पोरांचा वर्ग मीच घ्यायचे. ती दोघं, जोगेश्वरीच्या दोन लहान बहिणी, आणि माझी भाची. भाची म्हणजे त्याच घरात राहणारी माझ्या भावाची मुलगी. बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि जीभ माझ्यावर गेलेली. घरात सगळे तिला माझं नाव घेऊन हिणवायचे आणि आम्हा दोघींनाही ते आवडायचं.

अट ऐकल्या ऐकल्या तिनं विचारलं, "आणि मी?"

"मुलींचं नसतं," गार्डाचा मुलगा म्हणाला. तो प्रत्येक वाक्य झेंडा दाखवल्यासारखं बोलायचा.

ती तडक आत आजोबांकडे गेली. मीही मागून गेले, मला राहवतंय होय! म्हणाली, "आजोबा, मी पण काम करीन. मी पण त्या दिवशी पुढे उभी राहून सांगीन."

वडिलांनी चष्मा पुसला. "बघू," म्हणाले.

पोरीचा चेहरा एवढासा झाला. त्या शब्दाचा अर्थ तिलाही ठाऊक होता. बाहेर येऊन विहिरीच्या कठड्यावर बसली. माझ्या भावाचं तेव्हा इस्रायलला जायचं पक्कं झालं होतं, दिवाळीनंतर त्यांची बोट होती. मी तिची समजूत घालायला म्हटलं, "तिकडे गेल्यावर उभी राहा गं. तिकडे सगळे आपलेच."

"तिकडे मला कोण ओळखतंय आत्या?" ती म्हणाली. "मला इथं उभं राहायचंय. इथल्या माणसांसमोर. एकदा."

मी आत जाऊन वडिलांशी भांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "बघू."

वर्गात मी विचारलं, बोला, लोकांच्या उपयोगाचं काय करू या? पोरांच्या डोक्यातून एकेक रत्नं निघाली. कंपाउंडरच्या मुलाला सगळ्या अंधेरीला एरंडेल पाजायचं होतं. वडिलांच्या दवाखान्यात फुकट मिळतं म्हणे! गार्डाचा मुलगा म्हणाला, पवईच्या तलावात मगरी आहेत, तिथं सावधानतेची पाटी लावू. मी म्हटलं, लाव, आणि पाटी रोवताना मगरीला माझा नमस्कार सांग. जोगेश्वरीच्या बहिणींना गरिबांना कपडे वाटायचे होते. हे त्यातल्या त्यात बरं वाटलं. मी स्वतः हुशार बाई ना! जुने कपडे गोळा केले, धुतले, घड्या घातल्या, आणि एका रविवारी सगळी वरात घेऊन वेसाव्याला कोळीवाड्यात गेले.

तिथं मासळी वाळत होती. बायका कामात होत्या. त्यातल्या एका थोराड मावशीपुढे गार्डाच्या मुलानं गाठोडं ठेवलं आणि म्हणाला, "हे गरिबांसाठी."

मावशीनं गाठोड्याकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्या सोन्याच्या पाटल्यांकडे पाहिलं. मग आम्हा सगळ्यांकडे.

"आमी काय भिकारी हाव काय रं?" ती म्हणाली आणि अशी काही खदखदून हसली की शेजारच्या चार घरांतल्या बायका हसायला धावून आल्या. मी लाजेनं चूर. कंपाउंडरच्या मुलाची चड्डी ढगळ होती, ती बघून एकजण म्हणाली, "याला दे गो त्यातली एक!" पुन्हा हशा.

एवढं होऊनही मावशी मनानं मोठी. पोरं उन्हातून आली म्हणून तिनं पसाभर सुकट कागदात बांधून प्रत्येकाच्या हातावर ठेवायला सुरुवात केली. आणि इथं आमची खरी वाट लागली. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. आमच्यात खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. जवळा, कोलंबी, खेकडा काही चालत नाही. जोगेश्वरीच्या धाकटीनं हात मागे घेतले आणि म्हणाली, "तुमचं आम्हाला चालत नाही."

हसू बंद झालं. मावशीचा चेहरा उतरला. हे वाक्य तिनं आयुष्यात कुणाकुणाच्या तोंडून आणि कुठल्या अर्थानं ऐकलं असेल ते मला न सांगता कळलं.

"आमचं चालत नाय?" ती हळू म्हणाली. "मंग कपडे कशाला आनलंव?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझी भाची पुढे झाली. "मावशी, तुमचं चालतं. जवळा चालत नाही. तो आमच्या आजोबांनी दिला तरी चालत नाही. त्याला खवलं नसतं ना!" आणि मग तिथल्या तिथं वाळत घातलेल्या मासळीतून फिरत एकेका माशाकडे बोट दाखवत सुटली, हा चालतो, हा नाही, हा चालतो. बायकांना गंमत वाटायला लागली. कुणी मुद्दाम खेकडा आणून दाखवला. "ह्यो?" "छे छे!" "अगो, चिंबोरी नाय खात? मंग जगता कशाला?" मावशीच्या चेहऱ्यावरचं मळभ गेलं. तिनं पापलेट पुढे केलं, भाचीनं ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि विचारलं, "मावशी, कपडे नकोत तर मग तुम्हाला काय पाहिजे?"

इतका वेळ हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मावशी म्हणाली, "पानी पाज. हितून अंधेरीच्या बाजारापोतर डोक्यावं टोपली घेऊन जाताव. बसवाला मासळी घेत नाय. वाटंवर पान्याचा थेंब गावत नाय."

झालं! काम ठरलं. आमच्या दारातल्या चिंचेखाली पाणपोई.

मे महिन्याची सुट्टी होती. वडिलांनी कुठूनसा एक रांजण मिळवला, पार्सल ऑफिसात ओळखी अजून शिल्लक होत्या. शेजारच्या काकूंनी दोन माठ दिले. या काकू म्हणजे पक्क्या मारुतीभक्त, शनिवारी उपास, आणि आमच्या सगळ्या चालीरीती त्यांना आमच्यापेक्षा पाठ. पोरं सकाळी उजाडता विहिरीतून पाणी ओढायची, फडक्यातून गाळायची, रांजणात वाळ्याची जुडी सोडायची, ओलं फडकं गुंडाळायची. पितळेच्या लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी द्यायचं काम पाळीपाळीनं. गार्डाचा मुलगा पाणी देताना "पुढे सरका, पुढे सरका" ओरडायचा. कंपाउंडरचा मुलगा प्रत्येकीला "आता बरं वाटतंय का?" विचारायचा.

पहिल्या सकाळी वेसाव्याच्या बायका आल्या त्या ठेका धरून, हात हलवत, माना ताठ. चिंचेखाली थांबल्या. टोपल्या उतरवल्या. मावशीनं ओंजळ धरली, भाचीनं धार सोडली. मावशी प्यायली, तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "साकर घातलीस काय गो?" पोरीचे पाय दिवसभर जमिनीवर नव्हते.

निघताना मावशीनं विचारलं, "उद्या हाय ना?"

"रोज!" पाचही पोरं एका आवाजात ओरडली. मीसुद्धा ओरडले. ओट्यावर बसलेले वडीलसुद्धा मान हलवून म्हणाले, "रोज."

आता बघा, या एका शब्दात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. कारण आमच्या घरात रोज म्हणजे सहा दिवस. रोज दळण, रोज शाळा, रोज बाजार, सगळ्यातून शनिवार न सांगता वगळलेला. दुसऱ्या कुणाचा रोज सात दिवसांचा असतो हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. शुक्रवारी दुपारी पोरांनी मोठ्या शिस्तीत माठ धुऊन चिंचेखाली पालथे घातले, रांजण रिकामा करून आडवा केला, आणि आंघोळी करून साबाथच्या तयारीला लागली.

शनिवारी सकाळी खोली भरली. प्रार्थना सुरू झाली. मी मागे बायकांच्या बाजूला, आणि शेजारची भाचीची जागा रिकामी. मला वाटलं, येईल. आली ती निम्मी प्रार्थना झाल्यावर. फ्रॉक पोटापासून खालपर्यंत ओला, हातांना सुंभाचे वळ, वेणीला चिंचेचा पाला. सगळ्या माना वळल्या. वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढची ओळ म्हणायला घेतली.

झालं होतं ते असं. ती खोलीकडे येत होती. चिंचेखाली बायका पालथ्या माठांभोवती उभ्या. आता वाटेत पाणी मिळतं म्हणून घोट-दोन घोट पुरणारा सोबतचा तांब्याही त्यांनी घरीच ठेवलेला. मावशी झाडाला टेकून खाली बसलेली, डोळे मिटून, तिला घेरी आली होती. भाची क्षणभर थांबली असेल की नाही, कुणास ठाऊक. तिनं बादली विहिरीत सोडली. ओढली, रस्त्यावर नेली, मावशीला पाजलं. मग बाकीच्यांना पाजलं. मग आपल्या मनानं रांजण उभा करून भरायलाही घेतला.

प्रार्थना संपली आणि गार्डाच्या मुलानं अंगणात जाहीर केलं, "हिनं साबाथ मोडला! मी खिडकीतून बघितलं. पाणी ओढलं, वाहिलं, एकदा नाही, किती वेळा!" मोठी माणसं कुजबुजली. एक आजोबा म्हणाले, "आणि हझानची नात!" वहिनीनं कपाळाला हात लावला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. साबाथला ते भांडत नसत. भांडणं हेही काम, म्हणायचे.

सगळा दिवस घरात कुणी त्या विषयावर बोललं नाही. पोरगी कोपऱ्यात बसून होती. मला हळूच म्हणाली, "आता मला उभं राहू देणार नाहीत ना आत्या?" मी म्हटलं, "बघू." तोंडातून निघून गेलं हो! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि माझ्याही.

संध्याकाळी तीन तारे दिसले. वडिलांनी सब्जाची पानं हुंगून साबाथला निरोप दिला, पानं सगळ्यांच्या हातून फिरवली, आणि मग तिला समोर बसवलं.

"माणूस पडलं असेल तर साबाथला पाणीच काय, डोंगरही उचलावा," ते म्हणाले. "मावशीला पाजलंस ते धर्माचंच केलंस. पण बाकीच्यांना काय झालं होतं? त्यांनाही घेरी आली होती?"

"नाही."

"मग?"

"त्यांना तहान लागली होती," ती म्हणाली. "आणि आपण रोज म्हणालो होतो. तुम्ही पण म्हणालात आजोबा."

वडिलांनी दाढीवरून हात फिरवला. म्हणाले, "शुक्रवारी दिवा लावायच्या आत रांजण भरून ठेवायचा. शनिवारी ओढणं नाही, वाहणं नाही. पण भरलेल्या रांजणातून पाजणार कोण? साबाथला आपण रस्त्यावर दुकान मांडल्यासारखं बसणं मला पटत नाही."

कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या, आमच्याकडे काहीही झालं की त्या तुळशीला पाणी घालायला बाहेर असायच्या. "शनिवारी मी पाजीन हो! तसाही उपास असतो. तुमचा शनिवार, माझाही शनिवार."

असा तोडगा निघाला. पुढच्या शुक्रवारपासून पाचही पोरं दुपारी रांजण काठोकाठ भरायची, आणि शनिवारी काकू डोक्यावर पदर घेऊन चिंचेखाली. पण पोरीच्या मनातलं होतं तिथंच होतं. दोन-तीनदा तिनं आजोबांना विचारलं. बघू, बघू. मी म्हटलं, बाबा, एकदा नाही म्हणा आणि मोकळे व्हा! म्हणाले, "नाही कशाला म्हणू?" आता बोला!

शाळा उघडायच्या आधीच्या एका गुरुवारी दोघा मुलांचा दिवस ठरला. आदल्या दिवशी आम्ही बायकांनी मलिदा केला. आमच्यात शुभकार्याला हा लागतोच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि आमचा प्रेषित एलिया हनाबी, त्याचं नाव घेऊन तो वाटायचा. भाची खोबरं खवत होती, गप्प. ती गप्प असली की घर मला खायला उठायचं. तिनं वेसाव्याच्या बायकांना या दिवसाचं कधीचंच सांगून ठेवलं होतं, मी पुढे उभी राहून बोलणार आहे म्हणून. तेव्हा तिला आशा होती.

खोली गच्च भरली. मुलांनी पोथी वाचली, छान वाचली, मान्य केलं पाहिजे. मग सांगायची वेळ आली. कंपाउंडरच्या मुलानं बापानं लिहून दिलेलं भाषण म्हटलं. त्यात 'तृषार्त जनता' असे शब्द होते. माणसं कौतुकानं मान हलवत होती. दाराशी खसखस झाली म्हणून मी वळून पाहिलं, तर बाजार उरकून वेसाव्याच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन ओट्यावर उभ्या. मावशी सगळ्यांत पुढे, टाचा उंचावून खोलीत कुणाला तरी शोधत होती. भाचीनं मान खाली घातली.

मग गार्डाचा मुलगा उभा राहिला. झेंडा वर करून सुरुवात केली, "आम्ही रविवारी पाणी पाजलं. सोमवारी पाजलं. मंगळवारी पाजलं." असा वारांचा प्रवास करत तो शुक्रवारी पोचला. "आणि शनिवारी..." म्हणाला आणि थांबला. वर पाहिलं, खाली पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात मावशी. पोराचे कान लाल झाले.

"शनिवारचं मला सांगता येणार नाही," तो एकदम साध्या आवाजात म्हणाला. "मी पाजलं नाही. ते तिला विचारा." आणि बसला.

मी वडिलांकडे पाहत होते. मनात म्हटलं, आता जर हा माणूस बघू म्हणाला, तर मी घर सोडून जाईन. वडिलांनी चष्मा काढला. पुसला. डोळ्यांवर चढवला. मग बायकांच्या बाजूला पाहून म्हणाले,

"ये इकडे. तिथून मला ऐकू येणार नाही."

ती उठली. पुरुषांच्या रांगांमधून तिला जाताना मी पाहिलं, माणसं पाय आवरून घेत होती. पुढे जाऊन उभी राहिली. तिनंही मोठं भाषण पाठ केलं होतं, मीच रोज आरशासमोर ऐकायचे. त्यातला एक शब्द तिनं उच्चारला नाही.

"आम्ही रोज म्हणालो," ती म्हणाली, "आणि शनिवार विसरलो. मग मी पाणी ओढलं. ते चूक होतं का बरोबर होतं, मला अजून कळलं नाही. आता शुक्रवारीच भरून ठेवतो. पण त्या दिवशी सगळ्याजणी प्यायल्या."

"प्यायलाव गो बाय!" दारातून मावशी गरजली. "गोड व्हतं!"

आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळी खोली हसली. त्या दिवशी कुजबुजलेले आजोबा तर काठी आपटून हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी त्या दोन मुलांच्या डोक्यावर हात ठेवून जो आशीर्वाद म्हटला होता, तोच तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. वहिनी पदरात तोंड घालून रडत होती. मी? मी तर वर्गात पोरांना रडू नका सांगणारी बाई, मी हमसून हमसून रडले.

मलिद्याचं ताट वडिलांनी स्वतः दाराशी नेलं. बायका जरा मागे सरल्या. मावशीनं विचारलं, "आमाला चालतंय?" वडील म्हणाले, "यात जवळा नाही." ती एवढी हसली की मलिदा सांडता सांडता वाचला. मग टोपलीच्या तळाशी राखून ठेवलेला, केळीच्या पानात गुंडाळलेला भला मोठा रावस काढून त्यांच्या हातावर ठेवत म्हणाली, "खवलं बगून आनलाय. बगा, बगा, मोजून घ्या." आणि आमच्या हझानांनी, अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी, भर ओट्यावर तो मासा उलटसुलट करून खरंच पाहिला.

सुट्टी संपली, पावसाळा गेला, तरी पाणपोई चालूच होती. दिवाळीनंतर भावाची बोट गेली. बॅलार्ड पिअरवर पोरीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "आत्या, शुक्रवारी भरायचं विसरू नका हं." घरी आलो. घर कसं सुनं सुनं झालं होतं. शुक्रवारी रांजण भरला तो मी आणि राहिलेल्या पोरांनी. शनिवारी प्रार्थना आटोपली आणि वडील कुठे दिसेनात. मला वाटलं, पडले असतील जरा, नातीची आठवण काढत. बाहेर आले तर काकू आपल्याच अंगणात तुळशीपाशी उभ्या, मला तोंडावर बोट ठेवून गप्प राहायची खूण करताहेत.

चिंचेखाली, साबाथचा काळा कोट घालून, वडील स्टुलावर बसले होते. हातात ओगराळं. समोर मावशी ओंजळ धरून.

"पोर दिसत नाय ती?" तिनं विचारलं.

"लांब गेली," वडील म्हणाले आणि धार सोडली. "शनिवारचं तिचं काम आता माझ्याकडे आहे."